ग्रीकांची नाणी आणि त्यांवरील खुणा



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती चुकीची म्हणता येणार नाही, कारण गेली तीस वर्षे आम्ही दुसरे फारसे काही बोललेलो नाही. तेव्हा पत्रिकेत आमच्या नावापुढे प्राचीन ग्रीक नाण्यांचा विषय पाहून छापखान्यात दोन ओळींची अदलाबदल झाली असावी, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. तसे झालेले नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीला संपले. पुढे काही वर्षे कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये काम केले, मग संघटनेचे काम गळ्यात पडले, आणि उरलेले शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. असल्या शिक्षणात एक सोय असते. कोणत्या विषयानंतर कोणता विषय घ्यावा हे सांगणारा कोणी नसल्यामुळे वाट फुटेल तिकडे जाता येते. ग्रीकांच्या नाण्यांची वाट आम्हांला फुटली ती मात्र एका फसवणुकीमुळे.

अठराएक वर्षांपूर्वी जुन्या बाजारात एका विक्रेत्याने आम्हांला सिकंदराचे नाणे म्हणून एक जाड, काळवंडलेली चांदीची चकती दाखवली. एका बाजूला सिंहाचे कातडे डोक्यावर घेतलेला तरुण, दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेला देव, त्याच्या हातावर पक्षी. घासाघीस करून आम्ही ती सहाशे रुपयांना घेतली आणि आपण विक्रेत्याला चांगलेच बनवले अशा समाधानात घरी आलो. पुढे एका जाणत्या नाणेसंग्राहकांकडे ती घेऊन गेलो. त्या वृद्ध गृहस्थांनी ना तो तरुण पाहिला, ना तो देव. त्यांनी चकती आडवी धरली, भिंगाखाली काठ फिरवून पाहिला आणि म्हणाले, “अहो, हे पाडलेले नाही. हे ओतलेले आहे.” काठाच्या मधोमध सबंध वर्तुळभर एक बारीक रेघ होती. साच्याची दोन अर्धुके जेथे जुळतात तेथली ती रेघ. ज्याने उमेदीची वर्षे डाय आणि पंच यांच्यापुढे घालवली, त्याला ओतकाम आणि ठोककाम यांतला फरक दुसऱ्याने दाखवावा, याची आम्हांला फार लाज वाटली. त्या लाजेतून पुढचे सारे वाचन झाले.

तेव्हा प्रथम ही नाणी पाडीत कशी, ते पाहू. चांदी वजन करून तिची गोळी किंवा जाडसर चकती करीत. एक ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असे. दुसरा ठसा पंचाच्या टोकाला कोरलेला असे. चकती ऐरणीवरच्या ठशावर ठेवायची, वर पंच धरायचा आणि घण घालायचा. यंत्र नाही, प्रत्येक नाण्याला माणसाचा हात लागलेला. म्हणून दोन ग्रीक नाणी हुबेहूब सारखी नसतात; एकात चित्र मध्यावर असते, दुसऱ्यात घुबडाची शेपटीच काठाबाहेर गेलेली असते. घणाचा मार थेट पंचावर पडतो, त्यामुळे वरचा ठसा खालच्या ठशाच्या आधी झिजतो आणि फुटतो. प्रेसवर उभ्या राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ठशाला गेलेली भेग नाण्यावर उंच रेघ होऊन उमटते, आणि पुढच्या नाण्यांवर ती वाढत गेलेली दिसते. नाणकशास्त्राचे पंडित या भेगांवरून कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे हे ठरवतात. फार जुन्या नाण्यांवर तर मागील बाजूला चित्रच नसते. पंचाने पाडलेला एक खोलगट चौकोन तेवढा असतो.

आता चित्राकडे येऊ. आशिया मायनरच्या पश्चिम भागात, लीडिया देशात आणि शेजारच्या ग्रीक शहरांत, सोने व चांदी यांच्या मिश्र धातूची नाणी निघाली, तेथून या परंपरेचा आरंभ होतो. त्या आरंभीच्या काळातले, म्हणजे इ. स. पू. ६०० च्या आसपासचे, एक नाणे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर चरणारे हरिण आहे, आणि हरणाच्या वर उलट्या दिशेने कोरलेली अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ एवढाच, की मी फानेसची खूण आहे. हा फानेस राजा होता, सावकार होता की कोणी अधिकारी होता, यावर विद्वानांचा वाद चालू आहे. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे, की येथे नाणे स्वतः बोलते, आणि बोलताना आपण सोने आहोत असे न म्हणता आपण अमक्याची खूण आहोत असे म्हणते. धातूचा कस डोळ्यांनी दिसत नाही. हरिण दिसते. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही दिसते. आमचे वडील गिरणीत होते आणि सही करण्यापुरतेच साक्षर होते. पण बिल्ल्यांच्या ढिगातून स्वतःचा पितळी बिल्ला ते एका बोटाने काढीत, कारण त्याच्या भोकाशी एक विशिष्ट पोचा होता. बाजारात भाजीची जुडी विकून चांदीचा तुकडा घेणाऱ्या ग्रीक बाईची गोष्ट याहून निराळी नसावी.

ग्रीस म्हणजे त्या काळी एक राज्य नव्हते. शेकडो स्वतंत्र शहरे होती. स्पेनच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत पसरलेली. ज्याला त्याला आपली टांकसाळ, आणि ज्याची त्याची खूण. या खुणा निवडताना पुष्कळ शहरांनी सरळ आपल्या नावावरच कोटी केली आहे. ऱ्होड्स बेटाने गुलाब घेतला, कारण ग्रीक भाषेत गुलाबाला रोडॉन म्हणतात. सिसिलीतल्या सेलिनुस शहराने सेलिनॉन नावाच्या, आपल्या अजमोद्याच्या जातीच्या रानभाजीचे पान घेतले. फोकाइया शहराने सील मासा घेतला, त्याला फोके म्हणतात. सीदे शहराने डाळिंब घेतले, त्याला सीदे म्हणतात. इटलीच्या किनाऱ्यावरच्या अंकोनाने कोपरात वाकवलेला हात घेतला, कारण अंकॉन म्हणजे कोपर. आपल्याकडे वडगावाने वड, पिंपळगावाने पिंपळपान आणि बोरगावाने बोर खूण म्हणून घ्यावे, तसलाच हा प्रकार. आम्हांला ही पद्धत फार आवडते. ती पंडितांनी बसवलेली वाटत नाही; चावडीवर बसून ठरवलेली वाटते.

दुसऱ्या काही शहरांनी जे पिकते, जे विकते, ते घेतले. दक्षिण इटलीतल्या मेटापोंटुमच्या नाण्यावर जवाची लोंबी आहे, आणि ती अशी की एकेक दाणा मोजावा. मेंदे शहराची दारू नावाजलेली. तेथील नाण्यावर गाढवावर सैलावून बसलेला मद्याचा देव आणि मागे द्राक्षवेल. काळ्या समुद्राच्या वाटेवरचे कीझिकॉस शहर मासळीवर जगले. त्याने नाण्यावरील मुख्य चित्र शेकडो वेळा बदलले, पण चित्राखाली एक ट्यूना मासा मात्र कधी सोडला नाही. नवशिक्याने चित्रात न गुंतता आधी मासा शोधावा. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर किरेने नावाची ग्रीक वसाहत होती. तिच्या नाण्यावर जाड दांड्याचे एक झाड आहे. हे सिल्फिऑन. याचा चीक औषधाला आणि स्वयंपाकात वापरीत, आणि त्याच्या व्यापारावर ते शहर गबर झाले. हे झाड रानात आपोआप येई, लागवडीला दाद देत नसे. रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो, की त्याच्या आठवणीत त्याचा एकच दांडा सापडला आणि तो नीरो बादशहाकडे पाठवण्यात आला. शहराने आपली खूण म्हणून ज्याला मिरवले, ते शहराने ओरबाडून संपवले. आज त्या झाडाचा चेहरा आपल्याला प्रामुख्याने नाण्यांवरूनच कळतो.

देवादिकांच्या खुणा तर पुष्कळ. एफेसॉसची मधमाशी, क्नोसॉसचा चक्रव्यूह, अथेन्सची अथीना देवी आणि तिचे घुबड. यांची यादी वाचून दाखवण्यात अर्थ नाही. खुणेवरून नाणे ओळखताना पाय कोठे घसरतो, हे सांगणे अधिक उपयोगाचे.

पहिली घसरण म्हणजे खूण एक आणि शहरे अनेक. कोरिंथची खूण पंखवाला घोडा. पण कोरिंथच्या लोकांनी ज्या वसाहती वसवल्या त्यांनीही तोच घोडा उचलला, तेवढ्याच वजनाचा. मग ओळखायचे कसे? घोड्याच्या पोटाखाली पाहावे. तेथे एक अक्षर असते. वर्तुळ आणि त्याखाली उभी काडी असेल तर ते कोप्पा अक्षर, म्हणजे खुद्द कोरिंथ. गंमत अशी की हे अक्षर ग्रीक वर्णमालेतून पुढे गळाले. शहराचे नाव लोक दुसऱ्या अक्षराने लिहू लागले, पण नाण्यावरचे कोप्पा टांकसाळीने बदलले नाही. तेथे लाम्ब्डा असेल तर ते लेउकासचे, आल्फा असेल तर अम्ब्राकियाचे. घोडा पाहून कोरिंथ म्हणणारा आणि अक्षर पाहून लेउकास म्हणणारा, यांत सगळे नाणकशास्त्र आले.

दुसरी घसरण म्हणजे खूण तीच वाटते, पण तीच नसते. अथेन्ससमोर आयगिना नावाचे लहानसे बेट आहे. ग्रीसमधली अगदी आरंभीची चांदीची नाणी याचीच. त्यावर कासव असते. पण जुन्या नाण्यांवर गुळगुळीत पाठीचे, वल्ह्यासारख्या पायांचे समुद्री कासव असते; इ. स. पू. पाचव्या शतकाच्या मध्यानंतर मात्र पाठीवर चौकटी-चौकटीचे कवच असलेले जमिनीवरचे कासव येते. त्याच सुमारास अथेन्सने या बेटाला लढाईत नमवले आणि त्याचे आरमार मोडले. समुद्र गेला म्हणून कासव जमिनीवर आले, असे काही विद्वान म्हणतात. सारे मानीत नाहीत. आम्हांला स्वतःला हा तर्क जरा जास्तच नेटका वाटतो.

तिसरी घसरण अथेन्सच्या घुबडाची. हे चार द्राख्म्यांचे नाणे सव्वासतरा ग्रॅमच्या आत-बाहेर भरते. पुढे शिरस्त्राण घातलेली अथीना, मागे घुबड. त्याचे अंग बाजूला वळलेले आणि तोंड आपल्याकडे. कोपऱ्यात ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, उजवीकडे शहराच्या नावाची पहिली तीन अक्षरे. हे नाणे इतके चालले की मिसर, सीरिया, अरबस्तान येथील लोकांनी त्याची हुबेहूब नक्कल केली. त्यांतली काही पूर्ण वजनाची व अस्सल चांदीची आहेत. तेव्हा घुबड दिसले म्हणून अथेन्स म्हणू नये. काळ ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. अथीनाचा चेहरा बाजूने दाखवलेला असूनही पाचव्या शतकातल्या नाण्यांवर तिचा डोळा समोरून पाहिल्यासारखा बदामी असतो. चौथ्या शतकात तो हळूहळू बाजूने दिसावा तसा होत जातो. दुसऱ्या शतकात हेच घुबड आडव्या पडलेल्या कुंभावर बसते, बाजूला अधिकाऱ्यांची नावे येतात, आणि कुंभावर महिन्याचे अक्षर येते. कारखान्यात मालावर महिना व पाळी यांचे आकडे मारतात, ते याहून निराळे काय? माल बिघडला तर कोणाला धरायचे, ते आधीच लिहून ठेवलेले.

आणि चौथी घसरण सिकंदराची, जिथे आम्ही सहाशे रुपये घालवले. तो तरुण म्हणजे हेराक्लीस, तो देव म्हणजे झ्यूस, आणि मागे अक्षरे ‘सिकंदराचे’ अशी. पण सिकंदर इ. स. पू. ३२३ मध्ये बाबिलोनमध्ये वारला, आणि त्याच्या नावाची ही नाणी त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे कितीतरी शहरे पाडीत राहिली, कारण बाजाराला त्या चित्राची सवय झाली होती. अस्सल नाण्यात झ्यूसच्या समोर किंवा आसनाखाली एखादे बारीक चिन्ह असते. गुलाब असेल तर ते ऱ्होड्सचे. मोठ्या चित्रात राजा बोलतो आणि बारीक चिन्हात टांकसाळ. मार्टिन प्राइस यांनी १९९१ साली या नाण्यांची मोठी सूची दोन खंडांत प्रसिद्ध केली. ती असली बारीक चिन्हे वर्षानुवर्षे मांडून झालेली आहे.

येथपर्यंत शहरांच्या खुणा झाल्या. कारागिराची खूण कोठे आहे का, असा प्रश्न आमच्यासारख्याला पडल्याशिवाय राहत नाही. ती आहे, आणि ती सिसिलीतल्या सिराक्यूजला आहे. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस तेथे दहा द्राख्म्यांची, त्रेचाळीस ग्रॅमच्या घरातली मोठी नाणी निघाली. एका बाजूला चार घोड्यांचा रथ, दुसऱ्या बाजूला जलदेवतेचे मस्तक आणि भोवती मासे. त्या देवतेच्या केसपट्टीवर, किंवा एखाद्या माशाच्या अंगावर, भिंगाशिवाय दिसणार नाही एवढ्या अक्षरांत ठसे कोरणाऱ्याचे नाव आहे. किमोन. दुसऱ्याचे एव्हाइनेतॉस. हे नाव कोणाच्या परवानगीने आले ते नाणे सांगत नाही. पण ते राहिले. त्या वेळी सिराक्यूजचे सेनापती कोण होते हे आठवायला आम्हांला पुस्तक उघडावे लागते. किमोन आणि एव्हाइनेतॉस तोंडपाठ आहेत.

घण घालणाऱ्यांची नावे कोठे नाहीत. आणि ज्यांनी चांदी खणली त्यांची तर नाहीतच. अथेन्सच्या घुबडाची चांदी शहराच्या दक्षिणेला लाव्रिऑनच्या खाणींतून येई. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास तेथे मोठा साठा लागला. थेमिस्टोक्लीसने तो पैसा नागरिकांत वाटू न देता त्यातून जहाजे बांधायला लावली, आणि तीन वर्षांनी सालामिसच्या समुद्रात इराणचे आरमार बुडाले. हे शाळेच्या पुस्तकातही असते. शाळेच्या पुस्तकात नसते ते असे, की त्या खाणींत गुलाम राबत. बोगदे इतके ठेंगणे की उभे राहण्याचा प्रश्नच नव्हता. चांदी शिशाबरोबर मिसळलेली, तेव्हा ती वेगळी करणाऱ्याच्या छातीत शिशाची वाफ. झेनोफोन हिशेब देतो, की निकियास नावाच्या श्रीमंत सेनापतीने आपले एक हजार गुलाम खाणीच्या ठेकेदाराला भाड्याने दिले होते, दर डोई दर दिवशी एक ओबोल या दराने; आणि एखादा मेला तर ठेकेदाराने संख्या पुरी करून द्यायची. सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मा. चार द्राख्म्यांचे एक घुबड. म्हणजे मालकाच्या हाती एक घुबड पडायला एका गुलामाचे चोवीस दिवस जमिनीखाली जात. पंडित घुबडाचे वजन ग्रॅममध्ये देतात. आमच्या टिपणवहीत त्याच्यापुढे ‘२४ दिवस’ असे लिहिलेले आहे.

न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच अथेन्समध्ये अक्रोपोलिसवर एरेक्थेइऑनचे मंदिर पुरे होत असताना, इ. स. पू. ४०९ नंतरच्या दोन-तीन वर्षांचे मजुरीचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत. नागरिक, बाहेरून येऊन राहिलेले आणि गुलाम, तिघेही एकाच कामावर, आणि तिघांची मजुरी बहुधा सारखी, दिवसाला एक द्राख्मा. देखरेख करणाऱ्या स्थपतीलाही रोजी एक द्राख्माच. गुलामाची मजुरी त्याच्या मालकाच्या कनवटीला जाई, हे खरे. पण समान कामाला समान दाम हा दर दगडावर कोरलेला आहे, हेही खरे.

खाणीतल्या माणसांनी आपला जबाबही एकदा दिला. इ. स. पू. ४१३ मध्ये स्पार्टाच्या फौजेने अथेन्सच्या मुलखात डेकेलिया येथे कायमचे ठाणे दिले, तेव्हा वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेले, आणि त्यांतले बहुतेक हाताचे कसबी होते, असे थ्युसिडिडीस लिहितो. चांदी आटली. इ. स. पू. ४०६ च्या सुमारास अथेन्सने तांब्यावर चांदीचा पातळ मुलामा देऊन घुबडे पाडली. खूण तीच, अक्षरे तीच, आत तांबे. दुसऱ्याच वर्षी ॲरिस्टोफेनीसने आपल्या ‘बेडूक’ नाटकात नागरिकांना टोमणा मारला, की आपण चांगल्या जुन्या नाण्यांचे जे करतो तेच चांगल्या माणसांचेही करतो, वापर सगळा हिणकसाचा. त्याच्याच पुढच्या एका नाटकात एक पात्र आपली हकीकत सांगते. हा मनुष्य द्राक्षे विकून तांब्याची नाणी तोंडात भरून पीठ आणायला बाजारात गेला. सुटे पैसे गालात ठेवण्याची ग्रीकांची रीतच होती. त्याने पिशवी पुढे केली, तोच दवंडीवाला ओरडला, की यापुढे तांबे कोणी घेऊ नये, चांदीच चालेल. २०१६ च्या नोव्हेंबरात आठवड्याचा पगार पाचशेच्या नोटांत घेतलेले कंत्राटी कामगार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या माणसाचा चेहरा निराळा वर्णून सांगायला नको.

खुणेवरचा विश्वास असा एकदा उडाला, की मग पारख्याची गरज लागते. आपल्याकडे हे काम पोतदाराचे. अथेन्सच्या पोतदाराविषयीचा एक कायदा १९७० साली तेथील जुन्या बाजारपेठेच्या उत्खननात संगमरवरी शिळेवर कोरलेला सापडला. काळ इ. स. पू. ३७५, मांडणारा निकोफोन. आम्ही तो भाषांतरात वाचला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि आम्हांला झोप आली नाही. कायदा असा. सराफांच्या मेजांमध्ये पारख्याने रोज बसावे. कोणी नाणे आणले तर ते तपासावे. चांदी खरी आणि ठसा खरा असेल तर त्याने मंजूर केलेले नाणे कोणालाही नाकारता येणार नाही. जो व्यापारी नाकारील त्याचा त्या दिवशीचा सगळा माल जप्त. अथेन्ससारख्या ठशाचे परदेशी नाणे असेल आणि चांदी चांगली असेल तर ते आणणाऱ्याला परत द्यावे. आत तांबे किंवा शिसे असेल, अगर नाणे बनावट असेल, तर ते तेथल्या तेथे तोडावे आणि देवतेच्या नावे जमा करावे. जहाजवाले आणि व्यापारी यांच्यासाठी बंदरावर दुसरा पारखी बसवावा. त्याचा पगार टांकसाळीच्या कामगारांना जेथून मिळतो तेथूनच द्यावा.

हा पारखी कोण? सरकारी गुलाम. ज्याच्या शब्दावर मोठमोठ्या व्यापाऱ्यांचा माल जप्त व्हावा, तो माणूस स्वतः शहराच्या मालकीचा. आणि तो जागेवर बसला नाही, किंवा त्याने कायद्याप्रमाणे पारख केली नाही, तर त्याला शिक्षा लिहिली आहे: पन्नास फटके.

बंधूंनो, हा माणूस आम्हांला परका वाटला नाही. एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, आमचा एक सभासद तपासणी विभागात होता. सुट्या भागांच्या एका गठ्ठ्यात त्याला केसाएवढी भेग दिसली. त्याने आपला शिक्का मारण्याचे नाकारले. माल त्या रात्री जायचा होता. तो गेला नाही, आणि आठ दिवसांत याच्या हातात कामात दिरंगाई केल्याचे आरोपपत्र पडले. त्याने शिक्का मारला असता आणि भाग पुढे तुटला असता, तरी आरोपपत्र त्यालाच मिळाले असते, कारण शिक्क्यावर क्रमांक त्याचा. चौकशी चौदा महिने चालली. त्याच्या बाजूने आम्ही बसत होतो. शेवटी त्याला कामावर घेतले, पण मागचा पगार निम्माच मिळाला. ती तडजोड आम्ही केली. त्याला ती मान्य नव्हती. घरी दोन मुले शाळेत होती म्हणून त्याने सही केली. आजही भेटला की नमस्कार करतो, चहा घेतो, त्या गोष्टीचे नाव काढत नाही.

असो. आता ही नाणी आपल्या दाराशी कशी आली, ते थोडक्यात सांगतो. द्राख्मा या शब्दाचा मूळ अर्थ मूठ. नाणी नव्हती तेव्हा लोखंडी सळया देवघेवीत चालत. सळईला ओबेलॉस म्हणत, आणि सहा सळया मुठीत मावत. हाच द्राख्मा वायव्येकडून आलेल्या यवन राजांबरोबर हिंदुस्थानात आला, त्याचा द्रम्म झाला, आणि द्रम्माचा दाम झाला. ‘दाम करी काम’ म्हणताना आपण ग्रीक शब्दच उच्चारतो. या यवन राजांनी नाण्याच्या एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी अक्षरे घातली. मिनांदराच्या नाण्यावर वज्र फेकणारी अथीना उभी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला पेरिप्लस हा सागरप्रवासाचा ग्रंथ सांगतो, की अपोलोदोतस आणि मिनांदर यांचे जुने द्राख्मे त्याच्या काळीही भडोचच्या बाजारात चालत होते. राजे जाऊन किती वर्षे झाली होती, पण बाजाराला खूण ओळखीची होती.

आणि नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. ती क्षत्रप नहपानाची. पुढे राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक लिपी, पण शब्द प्राकृत. मागे बाण आणि वज्र. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. कमानी-कमानींचा डोंगर आणि उज्जयिनी चिन्ह. त्याने ती वितळवली नाहीत. हाती आलेली चांदी तशीच ऐरणीवर ठेवून तिच्यावर आपली खूण ठोकली. आणि घणाचा एकच घाव सगळीकडे सारखा बसत नाही, त्यामुळे डोंगराखालून नहपानाचे नाक आणि दोन-चार ग्रीक अक्षरे अजून वर डोकावतात. संग्रहालयात कधी संधी मिळाली तर नवा ठसा पाहून झाल्यावर नाणे थोडे तिरपे धरून पाहा.

वेळ संपत आली असे अध्यक्षमहाराज खुणावीत आहेत. आमचे ते सिकंदराचे नाणे आम्ही बरोबर आणले आहे. पहिल्या रांगेपासून ते मागे देत आहोत. प्रत्येकाने आधी चित्र पाहावे, मग झ्यूसच्या आसनाखाली बारीक चिन्ह शोधावे. ते नकलेच्या नादात अर्धवट पुसले गेले आहे. मग नाणे आडवे धरून काठ पाहावा. रेघ सापडेल. शेवटच्या रांगेतल्या मंडळींनी ते चिटणिसांकडे परत द्यावे. सहाशे रुपयांचे आहे.